‘अक्का, तेवढं बघून घ्या की’ : सुपरवायझर झाल्यावर ‘नाही’ कसं म्हणायचं?

प्रश्न : मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये बरीच वर्षं मशिनवर होते. गेल्या दिवाळीपासून मला लाइन सुपरवायझर केलंय. हाताखाली तीस-बत्तीस जणी आहेत, निम्म्या आमच्याच गल्लीतल्या. उशिरा येतात आणि पूर्ण हजेरी लावा म्हणतात. उचल काढून द्या म्हणतात, मिळाली नाही तर माझ्याकडेच मागतात. मालक रात्री साडेदहाला मेसेज करतात. घरी नणंद तिच्या कर्जाला जामीन राहा म्हणून मागे लागली आहे. मला कुणालाच नाही म्हणता येत नाही, आणि मग एखाद्या दिवशी मी सगळ्यांवर ओरडते. परवा माझ्या जिवलग मैत्रिणीला सगळ्यांसमोर बोलले. ती तेव्हापासून बोलत नाही. काय करू?

उत्तर :

ताई,

नाही म्हणता येत नाही आणि मध्येच ओरडते, अशा दोन तक्रारी तुम्ही लिहिल्या आहेत. माझ्या मते हे एकच दुखणं आहे. सकाळपासून आठ जणींचं ऐकून घ्यायचं, प्रत्येकीला ‘बघते’ म्हणायचं, आणि नववी आली की आठही जणींचा राग तिच्यावर काढायचा. ही नववी बहुधा सगळ्यांत जवळची असते, कारण तिच्यापाशी आपण सावध नसतो. मी आधी सूतगिरणीत कामगार अधिकारी होते, आता समुपदेशन करते आणि कारखान्यांतल्या सुपरवायझरांसाठी शिबिरंही घेते. ज्यांच्या आवाजाला सगळं खातं घाबरतं, त्यांतले पुष्कळ जण मुळात भिडस्त निघतात. बोलायचं ते वेळेवर बोललेलं नसतं म्हणून आवाज चढतो. तेव्हा कडक व्हायच्या मागे लागू नका. आधी बोलायला शिका.

बोलायचं काय, इथे बहुतेकांची गल्लत होते. ‘त्यांनी माझ्याशी असं वागू नये’ ही सीमा होत नाही, ती अपेक्षा झाली. ती पुरी करणं समोरच्याच्या हातात असतं. ‘उशिरा येऊ नका’ हे तुम्ही रोज सांगाल, त्या रोज हो म्हणतील आणि रोज उशिरा येतील. याउलट ‘जी जेव्हा आली तीच वेळ मी लिहीन’ हे करायला फक्त तुमचा हात आणि तुमचं पेन लागतं. मी शिबिरात एकच कसोटी सांगते : समोरचा माणूस जराही बदलला नाही, तरी तुम्ही ठरवलेलं तुम्हाला पाळता येतं का? येत असेल तर ती तुमची सीमा. येत नसेल तर परत विचार करा आणि ‘तू’ने सुरू होणारं वाक्य ‘मी’ने सुरू होईल असं मांडा. उचल, रात्रीचे मेसेज, नणंदेचं कर्ज, सगळ्याला हीच कसोटी लावून बघा.

हजेरीपासून सुरुवात करा, कारण तिथे तुमची बाजू सगळ्यांत भक्कम आहे. पगार, पीएफ, ईएसआय सगळं त्या कागदावर चालतं आणि त्यावर सही तुमची असते. पावणेदहाला आलेलीची नऊची वेळ लिहिली तर खोटं तुम्ही लिहिलेलं असतं, तिने नव्हे. हे त्यांना माहीत नसतं असं नाही. पण कालपर्यंत त्याच मशिनच्या रांगेत बसणारी अक्का आज वही घेऊन उभी आहे, तेव्हा ती आपल्या बाजूने लिहील असं त्यांना मनापासून वाटतं. त्यात लबाडी कमी आणि आपलेपणा जास्त असतो, म्हणूनच ते मोडणं जड जातं.

काय म्हणायचं ते आधी पाठ करा. ‘आज वेळ आहे ती लिहिली. उद्या नऊला ये.’ बस. ती म्हणेल, ‘अक्का, एक दिवस काय होतंय?’ तुम्ही म्हणाल, ‘वेळ आहे ती लिहिली गं.’ ती म्हणेल, ‘तुम्ही बी आता मालकागत बोलायलाव की.’ इथे थांबायचं. या वाक्याला उत्तर द्यायचा मोह फार होतो, कारण ते लागतं. ‘अगं मी तुमच्यातलीच आहे, मला पण वरून बोलणी बसतात’ असं सुरू केलं की विषय हजेरीवरून तुमच्या भल्याबुऱ्यावर गेला, आणि त्या चर्चेत तुम्ही कधीच जिंकणार नाही. दोनदा तेच वाक्य त्याच आवाजात म्हणा आणि पुढच्या मशिनकडे चालायला लागा. चालायला लागणं महत्त्वाचं आहे. उभं राहिलं की समोरच्याला वाटतं अजून बोलणी चालू आहेत.

तुमची मुख्य अडचण त्यानंतर येणार आहे, आणि ती आधीच माहीत असलेली बरी. पहिले दोन-तीन आठवडे सगळं आणखी बिघडेल. जास्त मागतील, जास्त रुसतील, तुमच्याबद्दल आपसांत तेलुगूत बोलतील आणि तुम्हाला कळेल अशा बेताने बोलतील. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे फार स्पष्ट दिसलं. कळ दाबली की प्रत्येक वेळी खाऊ मिळत असेल आणि तो एकदम बंद झाला, तर प्राणी थोडा वेळ कळ जास्तच जोराने दाबतो आणि मग लवकर सोडून देतो. पण कधी मिळतो, कधी नाही, अशी सवय लागली असेल तर तो कितीतरी जास्त वेळ दाबत राहतो. म्हणजे दहापैकी नऊ वेळा तुम्ही नाही म्हणालात आणि दहाव्या वेळी कंटाळून हो म्हणालात, तर त्यांनी एवढंच शिकलं की दहा वेळा मागावं लागतं. नेहमी हो म्हणणाऱ्या सुपरवायझरपेक्षा कधीमधी हो म्हणणाऱ्याला जास्त त्रास होतो, तो यामुळे. पहिल्या पंधरवड्यात सैल सोडणार असाल तर सुरूच करू नका, थोडं थांबा आणि तयारीने करा.

म्हणजे अपवाद नकोत का? हवेतच. मूल तापाने फणफणलंय, घरात मयत झालीय, नवऱ्याने रात्री मारलंय, अशा बाईला वहीतली वेळ दाखवणारा माणूस मला माझ्या शिबिरात नको. पण अपवाद कोणते हे आधी ठरवायचं आणि सगळ्यांना सांगायचं. मग ज्या दिवशी एखादीला सूट द्याल त्या दिवशी बाकीच्यांना ती मर्जी वाटणार नाही, नियम वाटेल. गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेचंच घ्या. जानेवारीत अक्षता सोहळ्याच्या दिवशी कोण कामावर थांबणार? ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात, ज्यांचा नवरा नंदीध्वजाबरोबर असतो, त्यांना सुट्टी हवीच. आदल्या दिवशी सगळ्या एकदम मागायला आल्या की जिचा आवाज मोठा तिला मिळते, गरीब बिचारी मशिनवर बसते. डिसेंबरातच कागद लावा : यात्रेला सुट्टी हवी असलेल्यांनी अमुक तारखेपर्यंत नाव लिहावं, एकूण एवढ्या जणींना मिळेल, गेल्या वर्षी घेतलेल्यांचा नंबर शेवटी. नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवालाही हेच. मग तुम्हाला नाही म्हणावंच लागत नाही, कागद म्हणतो. सणासुदीचे दिवस पंचांगात आधीपासून छापलेले असतात, तरी दर वर्षी ते अचानक आल्यासारखी धावपळ होते, हे मला कधी समजलेलं नाही.

आता उचल. यावर जरा जास्त लिहिते, कारण सोलापुरात चांगले सुपरवायझर पैशापायी खचलेले मी पाहिलेत.

टॉवेल कारखान्यातले एक सुपरवायझर माझ्याकडे यायचे. एकदा सोबत उत्पादनाची वही आणली. समोरून उघडली की मालाचे आकडे, सुबक अक्षरात. उलटी धरून मागून उघडली की नावं. नावापुढे 500, 300, 1000, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘गॅस’, ‘मुलगी दवाखाना’, ‘शाळा’. काही नावांवर बरोबरची खूण होती, बहुतेकांवर नव्हती. मला वाटलं पैसे बुडाल्याचं सांगतील. ते म्हणाले, ‘पैशाचं सोडा मॅडम. त्या पोराच्या मालात दोष निघाला आणि मी गप्प बसलो. बोललो असतो तर त्याला वाटलं असतं मी पैशासाठी टोचतोय.’ उसने दिल्यावर त्यांनाच बोलायची चोरी झाली होती. खराब माल पुढे गेला, वरून बोलणी त्यांनी खाल्ली, आणि तो पोरगा त्यांना टाळायला लागला. घेणारा चुकवू लागला आणि देणाऱ्याचं तोंड बंद झालं.

म्हणून माझं मत ठाम आहे : ज्याचं काम आपण तपासतो त्याला स्वतःच्या खिशातून उसने द्यायचे नाहीत. शंभर रुपयेही नाहीत. आधीचे बाकी असतील तर प्रत्येकीला एकटीला गाठून एकदाच विचारा, ‘कोणत्या पगारात देतेस?’ तारीख घ्या. देणं तिला शक्यच नसेल तर मनातल्या मनात सोडू नका, तोंडाने सांगा की ते पैसे मी सोडले, यापुढे मात्र उसने देत नाही. न बोलता सोडलेले पैसे दोघींच्याही मनात राहतात.

मग गरजू बाई जाणार कुठे, हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या पर्सपेक्षा कारखान्याकडे असायला हवं. मालकांबरोबर बसून उचलीचा नियम कागदावर आणा : किती मिळेल, महिन्यात कोणत्या दिवशी, आधीची फिटल्याशिवाय दुसरी मिळेल की नाही, कापणार किती हप्त्यांत, दवाखान्यासाठी वेगळं काही आहे का. तुम्ही अर्ज घ्यायचा आणि पोचवायचा. आज तुम्ही एकेकीसाठी मालकांपुढे रदबदली करता, त्यामुळे मिळाली तर तुमचे उपकार आणि नाही मिळाली तर तुमचा दोष, असं होऊन बसलंय. नियम झाला की दोन्ही तुमच्या डोक्यावरून उतरेल.

घरची दुखणी ऐकायची किती, हेही तुम्ही न विचारता विचारलं आहे. ऐका, पण लाइन चालू असताना नाही. ‘जेवणाच्या सुट्टीत ये, दहा मिनिटं तुझीच’ असं म्हणा आणि ती दहा मिनिटं खरोखर द्या. एक जपा : ‘कुणाला सांगणार नसाल तर सांगते’ असं कुणी म्हटलं की ऐकण्याआधी वचन देऊ नका. ती कदाचित सांगेल की चेकिंगमधला अमका अंगचटीला येतो. मग गप्प बसणं तुम्हाला परवडणार नाही. त्याऐवजी म्हणा, ‘तुझ्या जिवाला किंवा अब्रूला धोका असेल तर मला पुढे सांगावं लागेल, पण तुला विचारून, तुझ्यासोबत.’ 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. तुमच्याकडे समितीचा बोर्ड भिंतीवर आहे का, उद्याच बघा. नवऱ्याच्या मारहाणीसाठी 181 आणि तातडीला 112. मन खचलंय, झोप नाही, जीव नकोसा झालाय, त्यासाठी सरकारचा टेली मानस 14416, फुकट, रात्री-अपरात्रीही. मराठीखेरीज तेलुगू-कन्नडमध्येही बोलता येतं, आणि आपल्या गावात त्याला महत्त्व आहे. हे नंबर तुमच्या मशिनलाइनच्या खांबावर लावा. तिचं सगळं ओझं तुम्ही उचलायचं नाही. योग्य दारापर्यंत सोबत गेलात तरी पुष्कळ आहे.

आता तुम्हाला थोडं टोचेल असं लिहिते. त्या बायकांनाही सीमा आहेत, आणि बढती मिळाल्यावर त्या ओलांडायची ताकद तुमच्या हातात आली आहे. सुट्टी झाल्यावर ‘एवढे पन्नास कॉलर करून जा गं’ असं म्हणणं, रविवारी घरी फोन करणं, ‘अजून मूल का नाही’ विचारणं, रजा मागितली की कारण खोदत बसणं. आठवड्याला 48 तास आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर, हे 1948 च्या कारखाना कायद्यात होतं आणि नव्या कामगार संहितेतही जादा कामाचा दर दुप्पटच आहे. मार्च ते जून सीझन असतो, मला माहीत आहे. थांबवायचं असेल तर दुपारी सांगा, किती वेळ आणि किती पैसे ते सांगा, आणि जी नाही म्हणेल तिच्यावर दुसऱ्या दिवशी डूख धरू नका. तिने तुम्हाला न घाबरता ‘आज जमणार नाही’ म्हटलं, तर तुमची लाइन चांगली चालली आहे असं समजा.

मालकांकडे वळू. इथे तुमचं पारडं हलकं आहे हे मान्य करूनच बोलूया. ‘रात्री मेसेज करू नका’ असं त्यांना सुनावून मोकळ्या व्हा, असा सल्ला मी देणार नाही. साडेदहाला ते काय विचारतात ते महिन्याभराचे मेसेज वर सरकवून बघा. माझा अंदाज, नव्वद टक्के प्रश्न एकच असेल : उद्या माल जाणार का? ही त्यांची धास्ती आहे. ती सहा वाजताच मिटवा. निघायच्या आधी तुम्हीच चार ओळी पाठवा : आज किती पीस झाले, किती चेकिंगला, काय अडलंय, उद्या किती. आठवडाभर न चुकता पाठवा, आणि मग समोरासमोर बोला : ‘मालक, रोजचा हिशोब सहाला येतोच. नऊनंतर मी मोबाइल बघत नाही, घरचं असतं. आग, अपघात, गाडी अडली असं काही असलं तर फोन करा, मी उचलेन.’ आणि मग नऊनंतरच्या मेसेजला सकाळी उत्तर द्या. माफी मागत नको, नुसतं उत्तर. काही मालकांना राग येतो, काहींना आठवड्यात सवय होते. फार राग आला तर ही नोकरी तुम्हाला कोणत्या किमतीला हवी आहे हा विचार तुमचा तुम्हाला करावा लागेल, तो मी तुमच्यासाठी करू शकत नाही.

नणंदेचं प्रकरण सगळ्यांत नाजूक, आणि त्यातच तुमचं सगळ्यांत जास्त नुकसान होऊ शकतं. जामीन म्हणजे नुसती सही असं आपल्याकडे अजून समजतात. भारतीय करार अधिनियम 1872, कलम 128 : कर्ज घेणाऱ्याची जेवढी जबाबदारी, तेवढीच जामीनदाराची. कर्ज देणारा आधी तिच्या मागे लागेल आणि मग तुमच्याकडे येईल असं बंधन नाही, तो सरळ तुमच्या दारात येऊ शकतो. हप्ते थकले तर तुमच्या स्वतःच्या पुढच्या कर्जालाही अडचण येते. मायक्रोफायनान्सच्या गटात तर सगळ्या एकमेकींच्या हमीदार असतात.

तिला नाही म्हणताना कारणं देऊ नका. आपण बायका कारणं देतो आणि तिथेच अडकतो. ‘पोराची फी भरायची आहे’ म्हणाल, ती म्हणेल ‘फी जूनमध्ये आहे की वहिनी’. ‘यांना विचारते’ म्हणाल, ती भावाकडून हो घेऊन येईल. प्रत्येक कारणाला तोड असते. ‘मी कुणालाच जामीन राहत नाही’ याला तोड नाही, अट एवढीच की खरंच कुणालाच राहायचं नाही, सख्ख्या भावालाही नाही. शिवाय नवऱ्याशी आधी बोला, एकटीने ठरवू नका, नाहीतर रविवारी सासरच्या बैठकीत तुम्ही एकट्या पडाल. द्यायचीच असेल तर बुडाली तरी चालेल एवढी रक्कम हातावर ठेवा आणि परत मागू नका. सासूबाई दोन महिने घुश्श्यात राहतील. तुम्हाला रात्री अपराधी वाटेल. हे वाटणं म्हणजे गुन्हा केल्याचा पुरावा समजू नका. आयुष्यभर हो म्हणत आलेल्या माणसाने पहिल्यांदा नाही म्हटलं की असं होतंच, आणि ते ओसरतं. ओसरायच्या आत ‘बरं, देते सही’ असा फोन मात्र करू नका.

राहिली मैत्रीण. सगळ्यांसमोर बोललात, तर माफीही सगळ्यांसमोर मागा. पण कशाची माफी ते नीट ठरवा. ‘परवा मी तुला सगळ्यांसमोर ओरडून बोलले, ते चुकलं.’ इथे पूर्णविराम. बोलण्याचं कारण योग्य असेल, समजा शिलाई परत करायला सांगितली असेल, तर ते दुसऱ्या दिवशी, वेगळं, तिच्या मशिनपाशी. दोन्ही गोष्टी ‘पण’ घालून जोडल्या की माफीची हवा जाते. नंतर कारखान्याबाहेर एकदा दोघी बसा आणि सरळ सांगा की कामात मी तुला सूट देणार नाही, देऊही शकत नाही, आणि घरी जाताना रिक्षात आपण कामाचं बोलायचं नाही. तिला हे पटेलच असं नाही. बढतीनंतर काही मैत्र्या टिकत नाहीत, आणि त्याचं दुःख होतं, ते होऊ द्या. ते टाळण्यासाठी तिच्या कामाकडे कानाडोळा केलात तर बाकीच्या एकतीस जणी बघत असतात. आणि उद्या पगारवाढीच्या किंवा हेल्परची ऑपरेटर करायच्या यादीत तिचं नाव आलं, तर मालकांना आधीच सांगा : ही माझी मैत्रीण आहे, हिचं काम तुम्ही स्वतः उभं राहून बघा आणि तुम्हीच ठरवा.